समजा दशक स्थानचा अंक क्ष

"क्ष म्हणजे क्षत्रियातला?" मालनमावशींनी विचारलं.

"हो, तोच."

"आन त्याची किंमत काय?"

"तीच तर काढायची आहे, मावशी."

"म्हणजे म्हाईत न्हाई तरी लिवायचं?"

"हो. सुरुवातीला 'समजा' लिहायचं, म्हणजे चालतं."

"असं चालत असंल तर बरंय की," त्या म्हणाल्या. शेजारी उभे असलेले मगदूम सर हसले.

पेपर सुरू व्हायचा होता. आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत बसलो होतो. मी मोठ्यानं सांगणार आणि मावशी लिहिणार, त्याचा त्रास इतर मुलांना नको म्हणून ही वेगळी खोली. खोलीला कसलासा आंबूस वास होता. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना होता. इचलकरंजीत कुठल्याही भिंतीला कान लावा, पलीकडे माग असतातच. इथे कान लावायचीही गरज नव्हती. टेबल थरथरत होतं.

"रत्नप्रभा, तू तयार आहेस ना?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"आणि तुम्ही, मालनबाई?"

"मला काय? ती सांगंल ते लिवायचं. पण सर, माझं अक्षर आठवीतलंच ऱ्हायलंय, आधीच सांगते."

दिलेली माहिती

मला दिसत नाही. चार वर्षांची असताना गोवर आला, त्यात डोळे गेले. बीजगणिताच्या पेपराला मला लेखनिक मिळणार होता आणि नियम असा होता की लेखनिक दहावीच्या खालचा हवा, म्हणजे तो स्वतःच्या डोक्यानं काही लिहिणार नाही. आमच्या गल्लीतली नीलम नववीत होती. तिच्याबरोबर मी हिवाळाभर सराव केला होता. मी श्वास घेतला तरी तिला कळायचं की आता कंस येणार. पेपराच्या आदल्या दिवशी नीलमला गालगुंड झालं. हेडमास्तरांची धावपळ सुरू झाली आणि शेवटी नीलमची आई, मालनमावशीच, उभ्या राहिल्या. त्या कारखान्यात कांड्या भरायच्या, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. आठवी पास, दाखला जवळ. नियमात बसत होत्या.

मला गणित सोडता आलं असतं. अंध मुलींना दहावीच्या गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घ्यायची सवलत होती आणि सगळ्यांचं म्हणणं होतं, घे. पण पुण्याला अंध मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथे राहून महाविद्यालयात जाता यायचं. ते सवलतीचं गणित घेतलेल्यांना घेत नव्हते. भूमितीच्या आकृत्यांत माझं काही खरं नव्हतं, त्यामुळे सगळी भिस्त बीजगणितावर होती. पास झाले तर पुणं. नाही तर घरी बसून वेताच्या खुर्च्या विणायच्या. त्यासाठीचा वेत दादानं आणूनसुद्धा ठेवला होता. वाईट हेतूनं नव्हे. त्याला वाटलं, पोरीचा वेळ फुकट जायला नको.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली, ती फळीची. आम्ही अंध मुलं गणित एका फळीवर करतो. ॲल्युमिनियमची फळी, तिला ओळीनं आठ कोनांची भोकं. त्यांत बोटभरही नसलेले शिशाचे खिळे रोवायचे. खिळा एकच असतो. तो कोणत्या दिशेला वळवून बसवला यावरून आकडा ठरतो. सरळ बसवला तर एक, जरा वळवला तर दोन, आणखी वळवला तर तीन. उलटा बसवला की नऊ, शून्य आणि अधिक-वजाची चिन्हं. क्ष आणि य यांचे खिळे वेगळे. गणित सुटत गेलं की फळीवर ओळीखाली ओळ उभी राहते आणि बोट फिरवलं की सगळ्या पायऱ्या परत वाचता येतात.

मावशींना मी सकाळीच समजावलं होतं. "मी आधी पुटपुटत फळीवर गणित सोडवेन. तेव्हा तुम्ही थांबायचं. मग मी म्हणेन 'लिहा'. तेव्हा लिहायचं."

"पुटपुटलीस की थांबायचं. लिहा म्हटलंस की लिवायचं," मावशींनी म्हणून दाखवलं. "सोपं हाय."

पहिली बाजू

छोटे प्रश्न झकास गेले.

मावशी हळू लिहायच्या, पण एकदा लिहिलेलं परत खोडायची वेळ आली नाही. मी म्हणायचे, "लिहा. क्ष बरोबर वजा पाच." त्या म्हणायच्या, "वजा म्हणजे आडवी रेघ, बारकी?" "हो, बारकी." मगदूम सर चित्रकलेचे होते. पर्यवेक्षक त्या विषयाचा नसावा, असा नियम. त्यामुळे आम्हा तिघांत गणित येणारी मी एकटीच होते. मला त्याची गंमत वाटत होती.

"एवढं आकडं माझ्या बापानं पण लिवलं न्हाईत," मावशी मध्येच म्हणाल्या.

"मालनबाई, बोलायचं नाही," सर म्हणाले.

"बोलत कुठं हाय? सांगतीया."

मग मोठी गणितं आली. तीन होती. पेपराचा अर्धा भार त्यांच्यावर. सरांनी तिन्ही वाचून दाखवली, मी ती डोक्यात ठेवली. पहिलं असं: एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज अकरा आहे. अंकांची अदलाबदल केली तर येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा सत्तावीसनं मोठी होते. मूळ संख्या कोणती?

मी फळी पुढे ओढली. पुटपुटत, एकेक खिळा चाचपत गणित मांडलं. फळी वरपासून खालपर्यंत भरली. बोट फिरवून एकदा सगळं वाचलं. बरोबर होतं.

"लिहा," मी म्हणाले. "समजा दशक स्थानचा अंक क्ष."

मावशींच्या बांगड्या कागदावर सरकल्या. "...क्ष. झालं. पुढं?"

दार उघडलं.

अदलाबदल

बुटांचे आवाज दोन माणसांचे होते. बोलला त्यातला एकच.

"भरारी पथक. बसा, बसा. लेखनिक कोण? या बाई? शिक्षण?"

"आठवी," मावशी म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या असाव्यात, आवाज वरून आला.

"आणि हे काय आहे?"

"साहेब, ती तिची गणिताची फळी आहे. परवानगी आहे तिला," मगदूम सर म्हणाले.

"खाली काय ठेवलंय?"

"काही नाही, साहेब."

"बघू ना."

माझे दोन्ही हात फळीवर होते. ती माझ्या हातांखालून वर गेली. मी "नको" म्हणाले की नाही, ते आज आठवत नाही. म्हणाले असेन, तर मागांच्या खडखडाटात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

खिळे पडले. आधी टेबलावर, मग माझ्या मांडीवर, मग फरशीवर. बराच वेळ पडत राहिले, कारण ते गोल नसले तरी घरंगळतात.

"ठीक आहे. खाली काही नाही," तो माणूस म्हणाला आणि फळी टेबलावर ठेवली.

"साहेब, ते तिचं..." सर म्हणाले.

"तिचं काय?"

"गणित होतं."

मला वाटतं, त्याला खरंच कळलं नव्हतं. "मग करू द्या की परत. आम्ही कुठं पेपर काढून घेतला?"

"पण हा वेळ गेला तिचा. तेवढा वाढवून द्या. तुमच्या अहवालात लिहा तसं."

"अहो, तसा रकाना नसतो अहवालात."

बूट निघून गेले. सर आणि मावशी फरशीवर बसून खिळे गोळा करायला लागले. मीही वाकले, तर मावशींनी मला खांदा धरून परत बसवलं. "तू बस. डोकं आपटंल टेबलाला." खिळे चिनीमातीच्या एका वाडग्यात पडत होते. एरवी त्यात कसलं आम्ल ओतत, कोण जाणे.

"मी हेडसरांच्या ऑफिसातून फोन लावून बघतो," सर म्हणाले. "बोर्डात कुणी भेटलं तर वेळ वाढवून मागतो. मालनबाई, खोलीतून हलू नका. शिपाई दारात आहे." आणि ते पथकाच्या मागोमाग जवळजवळ पळतच गेले.

आम्ही दोघी उरलो.

"रडू नको," मावशी म्हणाल्या.

"रडत नाहीये. मी आता फळीशिवाय करते, मावशी."

"कर की. तुला येतंय समदं."

पायरी पायरीनं

मी ताठ बसले. हात टेबलावर उपडे ठेवले. असं मी कधीच केलं नव्हतं. फळी नसली की माझ्या डोक्यात आकडे नुसते तरंगायचे. त्या दिवशी मात्र एकेक आकडा जागेवर येऊन बसत गेला.

"एकक स्थानचा अंक य."

"हं."

"म्हणून मूळ संख्या बरोबर दहा क्ष अधिक य."

"हं."

"पहिल्या अटीनुसार, क्ष अधिक य बरोबर अकरा. हे समीकरण एक."

"हं."

प्रत्येक ओळीनंतर मी थांबत होते. त्यांचा हात हळू चालतो, हे आता मला माहीत होतं. पेनचा आवाज ऐकू येत नव्हता. भिंतीपलीकडचे माग अंगात आल्यासारखे चालले होते. मावशींच्या 'हं'वरच मी पुढे जात होते.

"अदलाबदल केल्यावर येणारी संख्या, दहा य अधिक क्ष. दुसऱ्या अटीनुसार, कंसात दहा य अधिक क्ष, वजा, कंसात दहा क्ष अधिक य, बरोबर सत्तावीस."

"हं."

"कंस सोडवून, नऊ य वजा नऊ क्ष बरोबर सत्तावीस. दोन्ही बाजूंना नऊनं भागून, य वजा क्ष बरोबर तीन. हे समीकरण दोन."

"हं."

"एक आणि दोन यांची बेरीज करून, दोन य बरोबर चौदा. म्हणून य बरोबर सात."

"हं."

"ही किंमत समीकरण एकमध्ये ठेवून, क्ष बरोबर चार. म्हणून मूळ संख्या सत्तेचाळीस."

"हं," मावशी म्हणाल्या, आणि त्या आवाजात मला कौतुक ऐकू आलं.

मग बाप-मुलाच्या वयांचं गणित केलं. मग वर्गसमीकरणाचं. त्यात मधल्या पदाचे दोन भाग करायचे असतात आणि मी कायम तिथे अडकायचे. अडकले नाही. मी कुणाशी तरी पहिल्यांदाच सलग बोलते आहे, असं वाटत होतं. सांगत होते, थांबत होते, 'हं' ऐकत होते, पुढे जात होते. पुण्याला जाताना बरोबर काय काय न्यायचं, याचा विचारही एका कंसात करून झाला.

तेव्हा वीज गेली.

माग एकदम थांबले नाहीत. एकामागून एक थांबत गेले, शेवटचा एक एकटाच थोडा वेळ खडखडला आणि तोही थांबला. इतकी शांतता मी त्या खोलीत ऐकली नव्हती. त्यात पेनचा आवाज नव्हता.

टक्. मग जरा वेळानं, टक्.

"मावशी?"

"हं."

"तुम्ही काय करताय?"

"हे काय, खिळं लावतीया. झालंच बघ. एकच वळ ऱ्हायली."

टक्.

"मावशी, तुम्ही लिहीत नव्हता?"

"लिहा कुठं म्हणालीस तू? सकाळपासनं आधी पुटपुटतीस, मग म्हणतीस लिहा. म्हटलं, पोरीचं समदं सांडलंय, ती आठवतीया तवर आपण लावून देऊ. मग तू लिहा म्हणशील तवा लिवायचं."

"मग 'हं' कशाला म्हणत होता?"

"अगं, तू बोलतीयास," मावशी म्हणाल्या. माझा प्रश्नच त्यांना विचित्र वाटला होता. "माणूस बोलत असंल तर हुंकार द्याया नको व्हय?"

समीकरण दोन

हात लांब करून मी पाहिलं. फळी त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली.

"जसं हुतं तसंच लावलंय," त्या म्हणाल्या. "वरच्या दोन वळी भरलेल्या, मग मधी जागा, मग डाव्या अंगाला थोडं. मला दिसत हुतं की समदं, मी बघत बसली हुती. आन एक सांगू? तुझं जरा वाकडंतिकडं बसलं हुतं. मी एक बी खिळा वाकडा ठेवला न्हाई."

मी वरच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि उजवीकडे नेलं.

खरंच, एकही भोक चुकलेलं नव्हतं. जिथे खिळे होते तिथेच खिळे होते, जिथे जागा सोडली होती तिथे जागा. क्ष आणि यचे खिळे जाड म्हणून त्यांच्या जागी साधे लावून, ते त्यांनी खालच्या ओळीत रांगेत बसवले होते. बाकी सगळे सरळ. कांड्या लावतात तसे, एका तोंडाचे.

एक एक एक एक एक एक. दुसरी ओळ, एक एक एक. जागा. एक एक एक एक.

"बरोबर हाय न्हवं?" मावशींनी विचारलं. मी बोट परत पहिल्या ओळीवर नेलं, तेव्हा त्यांचा आवाज थोडा बारीक झाला. "रत्ने? बरोबर हाय न्हवं गं?"

पथकातल्या त्या माणसाशी मी मनातल्या मनात कितीतरी वेळा भांडले आहे. त्याला मी फळीनंच मारलंही आहे. मावशींशी कशी भांडणार? त्यांनी अर्ध्या दिवसाची हजेरी बुडवून माझ्यासाठी क्ष काढायला शिकून घेतलं होतं. त्यांच्यावर चिडायला मला जागाच सापडत नव्हती. मी ती खूप शोधली.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "मावशी, आता पेन घ्या. लवकर. लिहा."

त्यांनी पेन घेतलं. ते त्यांच्या हातून एकदा पडलं, त्यांनी उचललं.

"लिहा. एकक स्थानचा..."

दार उघडलं. पावलांवरून कळलं, मगदूम सर. त्यांना धाप लागली होती.

"फोन लागला," ते म्हणाले. "नाही म्हणाले."

त्यांच्यामागे व्हरांड्यात घंटा झाली.

उत्तर

निकाल इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटाला तो मध्ये येणार नाही. मी गणितात नापास झाले. ऑक्टोबरात सवलतीचं अंकगणित घेऊन दहावीतून सुटले. पुण्याला गेले नाही. पुढे सांगलीला एका दवाखान्यात टेलिफोनवर लागले, तिथेच अजून आहे. खुर्च्याही विणल्या. चांगल्या विणल्या. मालनमावशींकडून काय झालं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. घरी सांगितलं, पथकानं फळी उलटी केली. तेवढंच. तेही खरंच होतं.

यात घंटेनंतरचा थोडा भाग राहिला.

गाळलेली पायरी

"किती राहिलंय?" सरांनी विचारलं. "एखादी ओळ असेल तर घे पटकन. शिपाई गठ्ठा न्यायला उभा आहे."

"सर, शेवटच्या पानावर काय लिहिलंय, ते वाचता?"

पानांचा आवाज झाला.

"समजा दशक स्थानचा अंक क्ष," सरांनी वाचलं.

"आणि पुढे?"

"पुढे..." ते पान उलटून पाहत होते. आणखी एक उलटलं. "पुढे काही नाही, रत्नप्रभा."

"अवो, पुढचं समदं हितं हाय की," मावशी म्हणाल्या. त्यांनी फळी उचलली असावी, खिळे हलकेच खुळखुळले. "पडलं तवा सांडलं हुतं, पण मी जसंच्या तसं लावलंय. हे बी जोडा, सर, पेपराला. हिच्या हातचंच हाय ते. मी फकस्त परत बसवलंय."

दारातून शिपाई म्हणाला, "सर, चला की." सरांनी त्याला थांब म्हणून खूण केली असावी, कारण तो परत बोलला नाही.

"मालनबाई, असं जोडता नाही येत हो," सर हळूच म्हणाले.

"का? तिचं लिवणं हेच हाय. आंधळ्या पोरीनं अजून कशावर लिवायचं? तुम्ही वाचून तर बघा."

"मला नाही येत वाचता."

"मग ती वाचंल. वाच गं रत्ने. सरांना वाचून दाखव, म्हणजे त्यांना पटंल."

फळी माझ्यापुढे आली. मावशींनी माझा हात धरला आणि वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. सुतानं कापलेल्या बोटांचे चरे माझ्या मनगटाला लागले.

"काय आहे यावर?" सरांनी विचारलं. त्यांना काहीतरी कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मी बोट पुढे सरकवलं. एक. एक. एक.

"एकक स्थानचा अंक य," मी वाचलं. "म्हणून मूळ संख्या बरोबर दहा क्ष अधिक य."

"हं," मावशी म्हणाल्या.

"पहिल्या अटीनुसार, क्ष अधिक य बरोबर अकरा."

"बघा सर."

"बघतोय," सर म्हणाले.

मी ओळ बदलली. अदलाबदल केली. कंस सोडवले, दोन्ही बाजूंना नऊनं भागलं. मावशींनी सांगितलं, सावकाश वाच, सरांना कळू दे. मी सावकाश वाचलं. य वजा क्ष बरोबर तीन वाचलं, तेव्हा बोट शेवटच्या ओळीवर आलं होतं. जाड खिळे एकामागून एक हाताला लागले आणि फळी संपली.

किमती काढायच्या अजून बाकी होत्या. मी बोट फळीच्या कडेवरून खाली उतरवलं आणि टेबलाच्या लाकडावरून नेत उरलेलं वाचत राहिले.